पहिली निवड कोणाची?

पीण्या औद्योगिक क्षेत्र बंगळुरूच्या दासरहळ्ळी मतदारसंघात येते. मे २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत इथली मुख्य लढत भाजप आणि जेडीएस यांच्यात झाली. भाजपचे मुनिराजू जिंकले. सप्टेंबरमध्ये जेडीएस भाजपच्याच आघाडीत गेला. भाजपला रोखण्यासाठी जेडीएसला दिलेले मत चार महिन्यांत भाजपच्या खात्यात जमा झाले.

उमेदवार पक्षश्रेष्ठी ठरवतात, कामगाराने फक्त बटण दाबायचे. पहिल्या निवडीचा हक्क दलितांना एकेकाळी मिळाला होता. १९३२ च्या पुणे करारानुसार राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदार चार उमेदवार निवडत. मग सर्व मतदार मिळून त्यांतला एक. तोही हक्क अपुरा होता. १९४६ मध्ये पहिल्या फेरीत पुढे असलेले शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे उमेदवार अंतिम फेरीत सवर्ण मतांनी पडले.

आज पहिली फेरी पक्षकार्यालयाच्या बंद दाराआड होते. म्हणून मत मागायला येणाऱ्याला दारातच विचारा: तुमचे तिकीट कोणी ठरवले? निकालानंतर कोणाबरोबर बसणार? कंत्राटी कामगाराच्या किमान वेतनावर सभागृहात काय बोलणार? जो उत्तर टाळेल, त्याला आपले मत गृहीत धरू देऊ नका.