गुराखी गेला, कुंपण राहिलं

पूर्णा तालुक्यात गावची गुरं एका गुराख्यामागे वेशीबाहेर निघतात, असं दृश्य आता फार थोड्या ठिकाणी उरलं आहे. येलदरी-सिद्धेश्वरच्या कालव्यांनी ऊस आणला, हळद आणली, पडीक रान वहितीत आलं. गायरानं आक्रसली. काही भूमिहीनांनी पोटासाठी कसली, काहींवर धनदांडग्यांनी आपला धुरा हळूहळू पुढे सरकवला. सर्वोच्च न्यायालयाच्या 2011च्या जगपाल सिंग निकालानंतर अतिक्रमणांची चर्चा झाली, तेव्हा या दोन्ही गोष्टी एकाच मापानं मोजल्या गेल्या. आम्हाला ते पटत नाही. पण तो वाद स्वतंत्र लेखाचा. आजचा विषय दोन-चार लाल कंधारी किंवा देवणी जनावरं आखाड्यावर सांभाळणाऱ्या, एक-दोन एकर गवताला ठेवणाऱ्या पशुपालकाचा आहे.

या पशुपालकानं गुराखी सोडला आणि तार ओढली. हिशेब सरळ दिसतो: तार पगार मागत नाही, सणाला गावी जात नाही. पण गुराखी फक्त गुरं अडवत नव्हता. कुठलं गवत वर आलं, कुठलं बुडापर्यंत खाल्लं गेलं, हे बघून तो कळप हलवायचा. तारेला गवत दिसत नाही. ते बघायचं काम आता मालकाचंच, आणि नेमकं तेच कुणी करत नाही. बाहेरच्या कुंपणावर पैसा ओतला जातो. आत जनावरं महिनोन् महिने एकाच तुकड्यात मोकळी राहतात. मग मारवेल-पवना संपतो आणि तरोटा, गाजरगवत माजतं.

खाल्लेल्या गवताला पावसाळ्यात तीन-चार दिवसांत नवा फुटवा येतो. हा फुटवा मुळांतल्या साठ्यावर येतो. जनावर तिथंच असेल, तर तोच कोवळा कोंब आधी ओढतं आणि मूळ रिकामं होतं. आंद्रे व्हॉयझँ या फ्रेंच पशुपालक-अभ्यासकानं 1957च्या आपल्या पुस्तकात हेच मांडलं: गवताला दोन चरण्यांमध्ये पुरेशी विश्रांती हवी. आपल्याकडे मोजायला वीत आणि बोटं पुरेशी आहेत. गवत दीड वीत झालं की गुरं सोडा, चार बोटं उरलं की हलवा. भर पावसात विश्रांती महिनाभराची धरा. पाऊस ओढला की ती वाढवा. तारीख ठरवून हलवणारे इथंच चुकतात. रानाचे नऊ-दहा तुकडे लागतात, पण आतल्या पडद्यांना पक्के खांब लागत नाहीत, उचलून नेता येणारी एकपदरी तार चालते. मृगाच्या पहिल्या पावसावर मात्र गुरं रानात घालूच नयेत. ओल्या काळ्या मातीत खूर रुततात, माती दबून घट्ट होते, आणि कोवळं गवत मुळासकट उपटून येतं. तेवढे दिवस कडबाच घाला.

बाहेरच्या कुंपणाची दुखणी याच मातीतून येतात. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि खांब दरवर्षी थोडा वर ढकलला जाऊन कलतो. कोपऱ्याचा खांब कलला की सगळी तार सैल पडते. मधले खांब सरळ करत बसण्यात अर्थ नाही. कोपऱ्याला खोल खड्डा घ्या, उकरलेली माती परत न भरता मुरूम ठासा, तारेच्या ओढीविरुद्ध तिरका टेका द्या. बाभळीच्या खांबाला वाळवी जमिनीलगत लागते, म्हणून तेवढा भाग डांबरून घ्यावा. पावसाळ्याच्या तोंडावर खांबांच्या मधे गिरीपुष्प किंवा शेवरी लावली, तर पुढं तार अडकवायला जिवंत खांब मिळतात, वर पालाही.

झटका मशीनबद्दल तक्रारी आमच्याकडे बऱ्याच येतात, बहुतेक उन्हाळ्यात. झटक्याला यंत्रापासून तार, तारेपासून जनावर, खुरातून जमीन आणि जमिनीतून परत यंत्र, असा पूर्ण फेरा लागतो. भेगाळलेली कोरडी जमीन तो तोडते आणि नावं यंत्राला ठेवली जातात. अर्थिंगच्या सळया हौदाजवळच्या ओलीत खोल ठोका. पावसाळ्यात उलटं होतं, वाढलेलं गवत तारेला टेकून झटका जमिनीत जिरतो. विळा घेऊन तारेखालून फिरावंच लागतं. आणि आकडा टाकून थेट वीज कुंपणात सोडणाऱ्यांबद्दल सौम्य बोलायची आमची इच्छा नाही. तो गुन्हा आहे, आणि रात्री मोटार चालू करायला निघालेला शेजारी त्यात मरतो.

पूर्णा जंक्शनकडे येणाऱ्या रुळांलगत ज्यांची रानं आहेत, त्यांनी त्या बाजूची फेरी रोज करावी. शेजाऱ्याच्या पिकात गेलेलं जनावर 1871च्या कायद्यानुसार कोंडवाड्यात जातं आणि दंड भरून सुटतं. रुळावर गेलेलं सुटत नाही.

दुरुस्तीला निघताना पक्कड, तार आणि हातोड्याबरोबर एक रिकामा डबा घ्या. कापलेल्या तारेचे तुकडे आणि वाकडे खिळे त्यात गेले पाहिजेत. गाय चारा निवडून चावत नाही. तुकडा गवताबरोबर पोटात जातो, जाळीदार पोटात अडकतो आणि तिथून पडदा भेदून हृदयापर्यंत टोचतो. जनावर चारा सोडतं, कोपरं बाहेर काढून उभं राहतं, मानेखाली सूज येते, आणि तोवर डॉक्टरच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. डबा भरला की भंगारवाल्याला द्या, उकिरड्यावर टाकू नका. त्याच खतातून ते तुकडे पुन्हा गवतात येतात.