यंत्राचा तास आणि माणसाचा तास

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आम्ही वाचनालयात वर्गणीची पावतीपुस्तके तपासत बसलो होतो. तेवढ्यात वसाहतीतील एक गृहस्थ पत्नी आणि मुलाला घेऊन आले. गृहस्थ गेल्याच वर्षी सेवेतून निवृत्त झालेले. जयभीम झाला, पाणी झाले. मग मुलाने पिशवीतून एक रंगीत पत्रक काढून आमच्यापुढे ठेवले. थंड पेये, वेफर्स, बिस्किटे विकणारे काचेचे उभे यंत्र. किंमत अडीच लाख रुपये.

"काका, हे चोवीस तास कमावतं. आपण झोपलो तरी कमावतं," मुलगा म्हणाला.

वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "भाऊ, तुम्ही हिशेब शिकलेले. तासाला किती पडेल तेवढं सांगा."

पैसे निवृत्तीच्या रकमेतून जायचे होते. त्यातले पंचवीस हजार आगाऊ म्हणून देऊनही झाले होते. हे आम्हाला अर्ध्या तासाने कळले, आणि तेही वहिनींच्या तोंडून.

वाचकहो, वडिलांचा प्रश्न अगदी मोलाचा होता. धंद्यात महिन्याला किती मिळतात हे सगळे विचारतात, पण किती तासांचे मिळतात हे कोणी विचारत नाही. पत्रकात मात्र त्याचे उत्तर तयार होते. रोज १०० नग, नगामागे १० रुपये नफा, महिन्याला ३०,००० रुपये. महिन्याचे ७२० तास धरले तर तासाला ४१ रुपये आणि काही पैसे, झोपेतसुद्धा. भागाकार बरोबर आहे. पण तो यंत्राच्या तासांनी केलेला आहे. यंत्राला भाकर लागत नाही. भागायचे ते माणसाच्या तासांनी.

आमच्या लहानपणी मुंबईच्या स्टेशनांवर वजनाची यंत्रे होती. रंगीत दिवे लागत, चकती फिरे, नाणे टाकले की जाड कागदाचे तिकीट खाली पडे. त्यावर वजन आणि मागे भविष्य. आम्हाला वाटे, आत कोणीतरी बसला आहे. एकदा एका माणसाला किल्लीने यंत्राचे पोट उघडताना पाहिले. त्याने नाणी पिशवीत ओतली, तिकिटे भरली, काच पुसली आणि पुढच्या फलाटावर गेला. यंत्राचा एक गडी असतो, हे आम्हाला त्या दिवशी समजले. (नाणे टाकून माल देणारे यंत्र नवे मुळीच नाही. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने देवळातले असे यंत्र वर्णिले आहे. नाणे टाकले की पवित्र पाणी मिळे. म्हणजे पहिली गिऱ्हाइके भाविकच!)

आम्ही वही उघडली. आधी काचेचे यंत्र घेतले. पत्रकातील पहिली चूक दहा रुपये नफ्याची. पाकिटावर आणि बाटलीवर किंमत छापलेली असते आणि त्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. २०११ च्या वैध मापन नियमांत तसे स्पष्ट आहे. वीस रुपयांच्या नगावर किरकोळ दुकानदाराला दोन-तीन रुपये सुटतात. आम्ही तीन धरले. रोज १०० नग, महिन्याला २६ दिवस, म्हणजे ७,८०० रुपये.

आता खर्च. यंत्र पाच वर्षे चालेल असे धरले, तर घसारा महिन्याला ४,१६७. अडीच लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते, तर महिन्याला १,४५८ घरबसल्या आले असते. ते बुडाले, म्हणून तेही खर्चात. थंडाव्याची वीज १,५०० आणि जागेचे भाडे २,००० धरले. एकूण ९,१२५. जमा ७,८००. म्हणजे महिन्याला १,३२५ रुपये तोटा, आणि वर रोज दीड तास माल आणून भरायचा. तासाला किती पडले ते लिहिण्यासारखे नव्हते. रोज ११७ नग खपले तरच हिशेब शून्यावर येतो.

मुलाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "पण काका, जपानात तर रस्त्यारस्त्याला आहेत." खरे आहे. तिथे २००० सालच्या सुमारास अशी यंत्रे ५६ लाखांच्या घरात होती, आता ती ४० लाखांच्या आसपास आली आहेत. पण तिथे पुष्कळदा यंत्र पेये बनवणाऱ्या कंपनीचेच असते, भरणारा माणूसही तिचाच असतो आणि जागेच्या मालकाला विक्रीतला हिस्सा मिळतो. आपल्या या गृहस्थांनी यंत्र घ्यायचे, भरायचे आणि भाडेही द्यायचे. नफ्यातला मोठा वाटा यंत्र विकणाऱ्याला पहिल्याच दिवशी मिळून जातो.

मग दुसरे यंत्र, चहा-कॉफीचे. आम्ही तासाला उत्पन्न मोजतो ते याच यंत्राने जास्त शिकवले, म्हणून त्यावर थोडे थांबतो. किंमत १८,००० धरली, आयुष्य तीन वर्षे, घसारा महिन्याला ५००. एका कपाला साधारण १४ ग्रॅम प्रीमिक्स पूड लागते, म्हणजे किलोत सत्तरएक कप. पूड, कागदी कप, जारचे पाणी आणि वाया जाणारे धरून कपामागे साडेपाच रुपये खर्च. दहा रुपयांना विकला, तर साडेचार सुटतात. रोज ९० कप खपले, तर २६ दिवसांचे १०,५३०. त्यातून जागा २,५००, वीज ९००, दुरुस्ती ६०० आणि घसारा वजा केला, तर ६,०३० उरतात.

तास किती? इथे मुलगा म्हणाला, "अर्धा तास. पूड टाकली की झालं." वहिनी तोपर्यंत एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या आता बोलल्या, "आणि ती आतली वाटी रात्री कोण धुणार? मी ज्या दवाखान्यात काम केलं तिथं असलंच मशीन होतं. एक दिवस धुतलं नाही तर दूध चिकटून आंबट वास सुटतो. नळीसुद्धा गरम पाण्यानं काढावी लागते."

आम्हाला ते ठाऊक नव्हते. बारा वर्षे कचेरीतल्या यंत्राचा चहा पितो आहोत, पण ते रात्री कोण धुते हे कधी विचारले नाही.

मग वहिनींनी सांगितल्याप्रमाणे तास लिहिले. सकाळी पाणी-पूड भरणे अर्धा तास, दुपारी परत अर्धा, संध्याकाळी धुणे-पुसणे एक तास, सामान आणणे आणि पैसे जुळवणे अर्धा. रोजचे अडीच, महिन्याचे ६५ तास. ६,०३० भागिले ६५, तासाला सुमारे ९३ रुपये. रोजगार हमीच्या कामाला महाराष्ट्रात २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये दर होता. आठ तासांनी भागले तर ३९. त्या मानाने ९३ चांगलेच.

पण यंत्रापाशी कोणी बसायला लागला, की सगळे बदलते. कप अडकतो, फोनवरून दिलेले पैसे आले की नाही याचा वाद होतो, म्हणून घरातला एकजण तिथे दिवसभर बसतो. दहा तास बसला, तर महिन्याचे २६० तास. तेच ६,०३० आता तासाला २३ रुपये होतात. रोजगार हमीपेक्षाही कमी. आपल्या घरांत असे बसायला बहुधा बाईलाच सांगतात आणि तिचे तास वहीत येतच नाहीत. "घरचंच माणूस आहे" म्हणतात. घरच्या माणसाचा तास फुकट धरला, की कुठलाही धंदा नफ्यात दिसतो.

तिसरे सॅनिटरी नॅपकिनचे भिंतीवरचे छोटे यंत्र. नॅपकिनवरचा जीएसटी जुलै २०१८ मध्ये रद्द झाला. पाच रुपयांच्या नाण्याला एक नॅपकिन दिला, तर आम्ही दीड रुपया सुटेल असे धरले. महाविद्यालयात रोज २० गेले, तर महिन्याला ७८०. यंत्र ८,००० चे आणि पाच वर्षांचे, घसारा १३३. उरले ६४७. भरायला आणि नाणी काढायला महिन्यात फार तर अडीच तास. म्हणजे तासाला २५८ रुपये! चारी यंत्रांत सर्वांत मोठा दर. मुलगा खूश झाला. पण बाबांनीच विचारले, "महिन्याला सहाशे सत्तेचाळीसच ना?" दर मोठा, पण पोट भरण्याइतके तासच त्यात नाहीत. बचतगटाच्या महिलांनी दहा ठिकाणी दहा यंत्रे लावली, तर ६,४७० होतील. पण मग एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे तास वाढतात. ते धरून महिन्याचे ६० तास झाले, तर दर १०८ वर येतो. तरीही आम्हाला हे काम बरे वाटते. बाईला नऊ ते सहा कुठे अडकून पडावे लागत नाही.

चौथे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. उपनगरी स्टेशनांवर तिकिटांची एटीव्हीएम यंत्रे आहेत. तिथे रेल्वेने नेमलेले मदतनीस उभे असतात, त्यांत निवृत्त रेल्वे कर्मचारी पुष्कळ. कार्ड रिचार्ज केले, की सुमारे तीन टक्के बोनस मिळतो, तीच त्यांची कमाई. तासाला १०० रुपये मिळवायचे तर ३,३३४ रुपयांची तिकिटे काढावी लागतील. दहा रुपयांच्या तिकिटाने ३३३ प्रवासी, म्हणजे दर अकरा सेकंदांना एक. वीस सेकंदांना एक जमला, तर ५४ रुपये, तेही रांग तुटली नाही तर. रांग तर कमी होत चालली आहे, कारण तिकीट फोनवर निघते. त्या उभ्या माणसांना आम्ही रोज पाहतो. सकाळी साडेआठला त्यांची बोटे काय वेगाने चालतात! दुपारी दोन वाजता तीच माणसे भिंतीला टेकून उभी असतात.

स्टेशनांवरची पाण्याची यंत्रेही मुलाच्या यादीत होती. बाटली आपली असेल तर पाच रुपयांत लिटरभर पाणी मिळे, दर रेल्वेने ठरवलेला. त्यातली बरीच नंतर बंद पडलेली आम्ही पाहिली. दर आपल्या हातात नाही आणि जागाही आपली नाही, म्हणून ती यादीतून काढली.

शेवटी आम्ही एक जुनी गोष्ट सांगितली. आमच्या चाळीच्या कोपऱ्यावर पानवाल्याकडे लाल कॉईन बॉक्स फोन होता. संध्याकाळी रांग लागायची. आम्ही तेव्हा नुकतेच बी.कॉम. झालो होतो आणि ओळखीच्या एका अपंग मित्राला मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, तूही घे, रुपया रुपया करून वर्षात पैसे फिटतील. दोन वर्षांत सर्वांच्या खिशात मोबाईल आला. फोन माळ्यावर गेला. तो मित्र आजही आमच्याशी चांगला बोलतो, पण आम्ही घसारा पाच वर्षांचा लिहिताना थोडे थबकतो, ते त्यामुळे.

आगाऊ रकमेच्या पावतीच्या मागे बारीक अक्षरात "रक्कम परत मिळणार नाही" असे छापले होते. तरीही आम्ही त्याच दिवशी मागणी रद्द केल्याचे पत्र लिहून दिले, पोच घ्यायला सांगितले आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक मुलाच्या फोनमध्ये भरून घेतला. अजून उत्तर आलेले नाही.

मुलाने चहाचे यंत्र एका शिकवणीच्या क्लासबाहेर लावायचे मनात आणले आहे. आम्ही त्याला सांगितले, आधी आठ दिवस तिथे उभा राहून मोज. कोण चहा पितो, किती वाजता पितो, समोरच्या टपरीवर किती जातात. तो मोजून आला. रोज सरासरी ७१ कप. नव्वद नव्हे. वहीत मांडले, तर महिन्याला ३,८०७ आणि तासाला ५८ रुपये. तासांच्या रकान्यात या वेळी त्याने स्वतःच दोन नावे लिहिली, सकाळ-दुपार आपले आणि रात्रीच्या एका तासापुढे आईचे. वहिनींनी ते वाचले आणि पेन्सिल मागून घेऊन आपले नाव खोडले. तिथेही मुलाचेच लिहिले.

तो अजून आठवडाभर मोजणार आहे. शनिवारी क्लासला सुट्टी असते, हे पहिल्यांदा त्याच्या ध्यानातच आले नव्हते.