डाग देण्याआधी नकाशा हवा

बसल्या जागी छाती धडधडायला लागते, दहा-वीस मिनिटांनी आपोआप थांबते. बाई दवाखान्यात पोहोचेपर्यंत नाडी ठीक, ईसीजीही ठीक. मग "टेन्शन घेऊ नका" म्हणून तिला घरी पाठवतात. वॉर्डात ड्युटी करताना आम्ही हे कितीदा पाहिले आणि खरे सांगायचे तर आम्हीही तेच म्हटले. ती आमची चूक होती.

हृदयाचा ठोका विजेवर चालतो. काहींच्या हृदयात जन्मापासून एक जादा वाट असते. वीज तिथून गोल फिरू लागली की ठोके मिनिटाला दीडशे-दोनशेवर जातात. कॅथेटर अ‍ॅब्लेशनमध्ये जांघेतल्या शिरेतून बारीक तार हृदयात नेतात आणि नेमक्या जागी डाग देतात. छाती उघडावी लागत नाही.

पण डाग द्यायचा कुठे? त्यासाठीच मॅपिंग. तारेच्या टोकाने डॉक्टर एकेका जागी विजेची वेळ टिपतात. जिथे ती अवेळी, सर्वांत आधी उमटते, तिथे दोषाचे मूळ. १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दो शहरातील डॉ. मिशेल हायसागेर यांच्या चमूने असाच शोध घेत दाखवले, की एट्रियल फिब्रिलेशनची ठिणगी बहुतेकदा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांत पडते. डाग चुकून हृदयाच्या मधल्या वीजगाठीला लागला, तर कायमचा पेसमेकर बसवावा लागू शकतो. म्हणून नकाशाला एवढे महत्त्व.

जुने मॅपिंग एक्स-रेवर पाहून होते. थ्रीडी मॅपिंगमध्ये संगणक हृदयाचा रंगीत नकाशा काढतो, एक्स-रे कमी लागतो. पण खर्च वाढतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये किंवा हार्ट अटॅकनंतर व्रण राहिलेल्या हृदयात थ्रीडीचा मोठा उपयोग. साध्या एसव्हीटीत मात्र अनेकदा जुन्या पद्धतीनेही काम होते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच : मंगळसूत्र गहाण टाकण्याआधी विचारा. "आमच्या पेशंटला थ्रीडी कशासाठी लागते?" महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून समजून घ्या. विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

आणि पहिला नकाशा तुमच्याच हातात आहे. धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घ्या, तो कागद जपून ठेवा. चक्कर, बेशुद्धी किंवा छातीत दुखणे असेल तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.