आठ महिने, एक जीन्स, शून्य धुलाई

डॉक्टरबाईंनी विचारलं, ‘ही जीन्स शेवटची कधी धुतली होती?’

मी म्हटलं, ‘शेवटची नाही... पहिलीच व्हायचीय अजून.’

त्यांनी पेन खाली ठेवलं. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘किती दिवस झाले घेऊन?’

‘आठ महिने.’

‘आणि रोज घालता?’

‘जवळजवळ.’

पुढची दोन मिनिटं त्या काय बोलल्या ते इथे छापण्यासारखं नाही. पण बॉस, मी हे आळशीपणाने केलं नव्हतं. ठरवून केलं होतं. त्यामागे फंडा होता! तोच आज सांगतो. आणि तो कुठे फसला, तेही.

झालं असं की गेल्या दसऱ्याला मी आणि माझ्या रूममेटने एकाच दुकानातून, एकाच रॅकवरून, एकाच मापाच्या दोन रॉ डेनिम जीन्स घेतल्या. कंबर बत्तीस, कापड चौदा औंसाचं. किंमत सांगत नाही, आई हा कॉलम वाचते. एवढंच सांगतो की फ्रीलान्सर माणसाचे दोन लेख त्यात गेले.

रॉ डेनिम म्हणजे काय? आपण एरवी मॉलमधून जी जीन्स उचलतो ना, ती कारखान्यातच धुऊन, दगडांबरोबर घुसळून, एन्झाइम लावून, हल्ली तर लेझर मारून ‘जुनी’ केलेली असते. मांडीवरच्या त्या फिकट रेषा कुणाच्याच मांडीने पाडलेल्या नसतात. रॉ डेनिमवर यातलं काहीच होत नाही. मागावरून उतरलं, शिवलं, विकलं. काळपट निळं, पुठ्ठ्यासारखं कडक. पहिल्या दिवशी घालून बसलो तर गुडघ्यांनी वाकायला साफ नकार दिला. आणि पांढऱ्या सोफ्यावर चुकूनही बसू नका. मी बसलोय. त्या मित्राकडे आता बोलावणं येत नाही.

मग एवढा त्रास कशासाठी? तर रंग उडण्यासाठी! नीळ, म्हणजे इंडिगो, पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे तिचं रूप रसायनाने तात्पुरतं बदलतात, त्या द्रावात धागा बुडवतात आणि हवेत वर काढतात. हिरवट-पिवळा निघालेला धागा हवा लागताच निळा होतो. असं पुन्हा पुन्हा करतात. तरी रंग धाग्याच्या बाहेरच्या थरातच बसतो. आतला गाभा पांढराच राहतो. त्यातही डेनिमचे उभे धागेच रंगवलेले असतात, आडवे नाहीत. म्हणून जिथे घासाल तिथली नीळ निघते आणि पांढरं डोकावतं. पाय वाकतो तिथे घड्या, पाकीट असतं तिथे चौकोन, मोबाइल असतो तिथे आयत. या खुणांसाठी जपानी लोकांकडे वेगळाले शब्दच आहेत. गुडघ्यामागच्या जाळीला ते ‘हाचिनोसु’ म्हणतात. म्हणजे मधमाशांचं पोळं!

आता फंड्याचा मुख्य भाग. झिजल्यावर रंग जातो तो ठरावीक जागी, धुतल्यावर जातो तो सगळीकडून. म्हणजे लवकर आणि सारखं धुतलं की जीन्स एकसमान फिकी होते. न धुता घातली की घडीवर पांढरं आणि शेजारी गडद, असा सॉलिड कॉन्ट्रास्ट मिळतो. म्हणून रॉ डेनिमचे भक्त सांगतात, निदान सहा महिने पाणी लावू नका.

मी भक्त झालो. रूममेट झाला नाही. ‘मी महिन्यातून एकदा धुणार,’ तो म्हणाला. ‘तू तुझं बघ.’ आणि नकळत आमच्या वन रूम किचनमध्ये एक प्रयोगशाळा सुरू झाली.

त्याचं आयुष्य असं : सकाळी एसी बस, दिवसभर एसी ऑफिस, नऊ तास खुर्ची. माझं असं : बाइकवरून स्टेशन, लोकलमध्ये उभा, मग मुलाखतीसाठी शहरभर वणवण, कुठल्या तरी जिन्यावर बसून लॅपटॉपवर टाइपिंग. खांद्याला सॅक, ती सतत उजव्या कुल्ल्यावर आपटणारी. चार महिन्यांतच आमच्या जीन्स जुळ्या दिसेनाशा झाल्या. त्याची मागून, बसायच्या जागी गुळगुळीत आणि फिकी झाली. मांडीवर रेषा होत्या, पण मवाळ. माझ्या गुडघ्यामागे पोळं उमटलं, उजव्या बाजूला सॅकने घासलेला पट्टा आला, डाव्या खिशावर मोबाइल छापला गेला. मी इतका खूश, की आरशासमोर पाठमोरा उभा राहायला लागलो.

वासाचं काय, असं तुम्ही विचारणारच. रात्री जीन्स खिडकीत लटकवायचो. मग कुणी तरी सांगितलं, फ्रीजरमध्ये ठेव, जंतू मरतात. ठेवली! पिशवीत गुंडाळून, मटारच्या पाकिटाशेजारी. रूममेटने तीन दिवस मटार खाल्ले नाहीत. बरं, त्याचा उपयोगही नव्हता. फ्रीजरच्या थंडीत बहुतेक जिवाणू मरत नाहीत, नुसते झोपतात. अंगाची ऊब मिळाली की गुड मॉर्निंग!

माझ्याकडे भांडायला पुरावेही होते. पहिला पुरावा कॅनडाचा. अल्बर्टा विद्यापीठातल्या जॉश ली या विद्यार्थ्याने एक रॉ जीन्स तब्बल 15 महिने न धुता वापरली. तिथल्या वस्त्रविज्ञानाच्या प्राध्यापक रेचल मॅक्वीन यांनी तिच्यावरचे जिवाणू मोजले. मग जीन्स धुतली, त्याने ती आणखी 13 दिवस वापरली आणि पुन्हा मोजणी झाली. आकडे जवळपास सारखेच! 2011 मध्ये ही बातमी जगभर गाजली. दुसरा पुरावा लिव्हाइसचे त्या वेळचे सीईओ चिप बर्ग यांचा. 2014 मध्ये एका परिषदेत त्यांनी आपल्या अंगावरच्या जीन्सने अजून वॉशिंग मशीन पाहिलेलं नाही, असं सांगून धमाल उडवली होती.

बघ, मी रूममेटला म्हणायचो. तो नुसता हसायचा आणि बादलीत त्याची जीन्स बुचकळायचा.

मग जून आला.

पहिल्याच मोठ्या पावसात मी कुर्ल्याला अडकलो. चौदा औंसाची जीन्स कमरेपर्यंत भिजली. घरी येऊन पंख्याखाली टाकली. सकाळी बघतो तर शिवणी ओल्या, खिसे ओले. पण त्या दिवशी एक महत्त्वाची मीटिंग होती आणि ‘लुक’ महत्त्वाचा होता, म्हणून तशीच चढवली. असं पंधरा दिवस चाललं. मग जांघेत खाज सुरू झाली. लाजेने कुणाला सांगितलं नाही. केमिस्टकडून एक ट्यूब आणून लावली. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी लाल चकंदळं दुप्पट झालं. आता मीटिंगमध्ये माझं लक्ष लुककडे नव्हतं, टेबलाखाली कुणी बघत नाही ना, याकडे होतं. शेवटी निघालो डॉक्टरकडे.

‘गजकर्ण,’ डॉक्टरबाई म्हणाल्या. ‘फंगल इन्फेक्शन. घाम, ओल, घट्ट कपडा आणि घासणं, बुरशीला याहून जास्त काय लागतं? आणि ही ट्यूब कुणी दिली? यात स्टेरॉइड आहे. खाज दबते, बुरशी वाढते.’

मी चाचरत कॅनडाचा प्रयोग सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘त्यांनी जिवाणू मोजले. तुम्हाला झालीय बुरशी. आणि तुम्ही राहता कुठे?’

खाड्कन उजेड पडला! यार, तो मुलगा राहत होता कॅनडाच्या कोरड्या थंडीत. मी मुंबईत, जिथे जूनमध्ये मिठाच्या बरणीलासुद्धा पाणी सुटतं. नियम एका हवेत तयार झाला आणि मी तो दुसऱ्या हवेत अंगावर चढवला. चिप बर्ग यांचंही पूर्ण म्हणणं मी नंतर वाचलं. मशीनला नाही म्हणणारा हा माणूस डाग लागला की तेवढी जागा साफ करतो. आणि फारच घाम आला असेल तर जीन्स घालूनच शॉवरखाली उभा राहतो आणि साबण लावतो. म्हणजे पाण्याशी त्यांचं वैर नव्हतं. ते मीच मनाने जोडलं होतं.

डॉक्टरांचा हुकूम होता : गरम पाण्यात धुवा, उलटी करून कडक उन्हात वाळवा आणि बरं होईपर्यंत सैल सुती कपडे. गरम पाणी! कडक ऊन! रॉ डेनिमवाल्याला हे म्हणजे काळजावर इस्त्री. त्या रविवारी दोन बादल्या भरल्या. पहिलं पाणी निघालं शाईसारखं, वर तपकिरी तवंग. तो कुणाचा होता हे सांगायला नको. माझे आठ महिने मोरीतून वाहून चालले, असंच वाटत होतं.

पण जीन्स वाळली आणि मी चाट पडलो. एकही खूण गेली नव्हती. उलट मळाचा थर निघाल्यामुळे पोळं, सॅकचा पट्टा, मोबाइल, सगळं आणखी ठसठशीत झालं होतं. गेला होता तो सुटा रंग आणि घाण. झिजून उमटलेलं धुऊन जात नाही, कारण तिथली नीळ आधीच गेलेली असते!

दुसरा धक्का बसला जांघेशी. तिथले निळे उभे धागे तुटले होते आणि नुसते पांढरे आडवे धागे जाळीसारखे लोंबत होते. दोष धुण्याचा नव्हता. तो मळाखाली झाकलेला होता, धुतल्यावर फक्त दिसला. घामाचं मीठ, अंगाचं तेल आणि रस्त्यावरची बारीक धूळ कापडात जाऊन बसते आणि प्रत्येक पावलाला पॉलिशपेपरसारखी सुताला घासते. त्यात माझी बाइक. शेजारी रूममेटची जीन्स ठेवली. कॉन्ट्रास्ट माझ्यापेक्षा कमी. पण जांघ शाबूत, शिवणी शाबूत. तो काही बोलला नाही, हे जास्त लागलं.

गंमत म्हणजे ही जागा पहिल्यापासूनच नाजूक आहे. जेकब डेव्हिस या शिंप्याने कामगारांच्या पँटचे खिसे फाटतात म्हणून कोपऱ्यांना तांब्याचे रिव्हेट ठोकले. 20 मे 1873 रोजी लिव्हाय स्ट्रॉसच्या भागीदारीत त्याचं पेटंट मिळालं. पुढे जांघेच्या शिवणीवरही एक रिव्हेट असायचा, तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काढला गेला. आणि कामगारांच्या जाड कपड्यांसाठी इंग्रजीत रुळलेला ‘डंगरी’ हा शब्द तर आपल्या डोंगरीचा! तिथल्या जाड्याभरड्या कापडावरूनच तो आला. मुंबईच्या घामाशी या जातीच्या कापडाची ओळख जुनीच आहे. नवखा मीच होतो.

तर मंडळी, दोन जीन्स आणि एका मलमाच्या खर्चातून आलेलं शहाणपण असं. पहिले दोन महिने कोरडे घाला, घड्या बसू द्या. मग साधारण दहा वेळा घातली की धुवा. पावसाळ्यात किंवा रोज बाइक असेल तर त्याआधीच. लिव्हाइसच्याच 2015 च्या अभ्यासानुसार दर दोन वापरांऐवजी दर दहा वापरांनी धुतलं तर धुण्यापायी लागणारं पाणी आणि वीज 80 टक्क्यांपर्यंत वाचते. म्हणजे कंजूषपणा आणि पर्यावरण दोन्ही साधतं. त्वचेचा त्रास नसेल तर उलटी करून, गार पाणी, सौम्य लिक्विड, अर्धा तास भिजवणं पुरे. ब्रश आणि धोपटणं नको. मशीनमध्ये कोंबू नका, चुरगळलेल्या जागी नको त्या रेषा पडतात. पिळू नका, निथळू द्या. सावलीत वाळवा, पण पूर्ण वाळवा. ओली जीन्स चढवायची नाही, मीटिंग कितीही मोठी असो! आणि दर महिन्याला जांघ उजेडात धरून बघा. धागा विरला की लगेच रफू करा, भोक पडायची वाट बघू नका.

माझी रफू झाली. स्टेशनजवळच्या ऑल्टरवाल्याने आतून ठिगळ लावून वरून निळ्या दोऱ्याने मशीन फिरवलं. पैसे घेताना म्हणाला, ‘गाडी चालवता ना? आणि धुवत नाही.’ त्याने एका नजरेत ओळखलं, माझ्या आठ महिन्यांत काय काय झालं ते. मला वाटलं होतं, जीन्सवर फक्त माझ्या स्टाइलच्या गोष्टी लिहिल्या जातील. तिने आळस आणि हट्टही तितकाच इमानदारीने टिपून ठेवला.

परवा फॉलोअपला गेलो. चकंदळं गेलं होतं. डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. ‘धुतली?’

‘तीनदा!’

‘शाब्बास,’ त्या म्हणाल्या, ‘आता बेल्टही कधी तरी उन्हात टाका.’