मांडवाला वेळ द्या

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या भागात घरोघरी मुहूर्त काढायला सुरुवात होते. धानाची कापणी-चुरणी आटोपत आलेली असते, मंडीत धान विकून हाती पैसा येतो आणि फलदानाच्या तारखा ठरू लागतात. वारासिवनी, लालबर्रा, कटंगी, खैरलांजीकडची मंडळी तुमसर, तिरोडा, गोंदियाच्या सोयऱ्यांकडे जातात, तिकडची इकडे येतात. 1 नोव्हेंबर 1956 ला भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, पण रोटीबेटीचा व्यवहार काही थांबला नाही. यंदा अशा बोलणीला बसणाऱ्या आईबापांना आणि बोहल्यावर चढणाऱ्या मुलामुलींना माझी एक विनंती आहे. खरेदीची यादी करण्याआधी विधींची यादी करा. मांडवात काय काय होणार, ते कोण करणार, त्याला किती वेळ द्यायचा, हे आधी ठरवा. कपडे, जेवण, रोषणाई सगळं त्यानंतर.

हे सांगावंसं वाटतं, कारण गेल्या काही वर्षांत लग्नांचं काय झालंय ते आपण सगळेच बघतो. पत्रिकेत लग्नाची वेळ सात, वरात दारात येते दहाला. तोवर पाहुण्यांची जेवणं उरकलेली, अर्धे घरी गेलेले. डीजेचा आवाज चालूच, त्यात मंगलाष्टकं कुणाला ऐकू येत नाहीत. फेरे चालू असताना फोटोवाला थांबवतो, पुन्हा चालायला सांगतो. नवरानवरी स्टेजवरच्या खुर्चीत दोन-दोन तास बसतात आणि मांडवात मात्र भटजींना ‘लवकर आटपा’ म्हणून घाई केली जाते. ज्या कामासाठी एवढी माणसं गोळा केली, तेच काम कोपऱ्यात उरकलं जातं.

विधींना महत्त्व देणं हा केवळ जुन्या माणसांचा हट्ट आहे असं कुणी समजू नये. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम सांगतं की लग्न वर किंवा वधू, कोणत्याही एका बाजूच्या रूढीप्रमाणे लागलं पाहिजे, आणि त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावर लग्न पूर्ण होतं. एप्रिल 2024 मध्ये न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या सर्वोच्च न्यायालयातल्या खंडपीठाने हीच गोष्ट बजावून सांगितली. विधी न करता नुसतं प्रमाणपत्र मिळवलं, तर त्याने हिंदू विवाह होत नाही. लग्न हा नाचगाण्याचा आणि खाण्यापिण्याचा प्रसंग नाही, तो एक गंभीर संस्कार आहे, असंही न्यायालयाने म्हटलं. हा कायदा आपल्या बौद्ध बांधवांनाही लागू आहे. गोंड, बैगा अशा अनुसूचित जमातींना तो लागू नाही, त्यांची लग्नं त्यांच्या स्वतःच्या रूढीनेच मानली जातात. म्हणजे कुणाच्याही बाजूने बघा, रूढीला वजन आहे.

मग रूढी म्हणजे नेमकं काय, हे जवळून बघू. हळदीचंच घ्या. पाच सुवासिनी जात्याला हळदीकुंकू लावतात, खुंट्याला आंब्याचं पान बांधतात आणि हळद दळायला बसतात. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची. त्या गाण्यात मुलीच्या आजोळापासून मामा-मावश्यांपर्यंत एकेका नात्याचं नाव येतं. मग पाटावर बसवून आंब्याच्या पानांनी हळद लावतात, आधी पायांना, मग गुडघ्यांना, खांद्यांना आणि शेवटी कपाळाला. नवरदेवाची उष्टी हळद नवरीकडे जाते. हे सगळं करायला लागतो तो घरातल्या बायकांचा वेळ आणि दोन मुठी हळकुंडं. आज याच हळदीसाठी पिवळा शामियाना, पिवळे पडदे, सगळ्यांना पिवळे कपडे आणि रंगीत धुराच्या नळकांड्या आणल्या जातात, आणि गाणं म्हणणारी आजी मागच्या खोलीत बसून राहते.

किंवा काकण सोडण्याचा खेळ बघा. मनगटाला बांधलेल्या दोऱ्याच्या गाठी एकमेकांच्या हातून सोडायच्या, तेही एका हाताने. हळदीच्या पाण्यात टाकलेली अंगठी कोण आधी काढतो ते बघायचं. ठरवून केलेल्या लग्नात कालपर्यंत अनोळखी असलेली दोन माणसं इथे पहिल्यांदा एकत्र हसतात. आपल्या पूर्वजांनी हे विचारपूर्वक ठेवलेलं आहे. ते गाळून त्या जागी शिकवून बसवलेला नाच ठेवला, तर आपण काय गमावलं हे त्या दोघांनाच नंतर कळतं.

आपल्या भागात एकच एक रीत नाही, हेही मोठं धन आहे. पोवारांची रीत वेगळी, कुणब्यांची वेगळी, कोष्टी, मरार, कलार यांची आपापली. बैहरकडच्या गोंडांत पूर्वी वरात नवरीच्या घरून निघायची आणि लग्न नवरदेवाच्या घरी लागायचं. ज्याच्याकडे वधूमूल्य द्यायला पैसा नाही त्या तरुणाने सासऱ्याकडे राहून काम करायचं, त्याला लमसेना म्हणत. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर 1916 मध्ये जो मोठा ग्रंथ काढला, त्यात हे नोंदवून ठेवलेलं आहे. 1956 मध्ये नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिल्यानंतर बौद्ध घरांत पांढऱ्या वस्त्रांतला, त्रिशरण-पंचशील घेऊन होणारा साधा विवाह रुजला. यातली कुठलीच रीत दुसरीपेक्षा खालची नाही. तुमच्या घरची जी असेल ती पूर्ण करा, समजून करा.

या बाबतीत प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांकडून शिकण्यासारखं आहे. तिथल्या लग्नात शंख फुंकतात, मंत्रासारखं पठण होतं, वधूवर एकमेकांच्या गळ्यात फुलांची माळ घालतात, तिला लेई म्हणतात. माइले नावाच्या सुवासिक वेलीची माळ दोघांच्या हातांभोवती गुंडाळतात. विधी सांगणाऱ्याला कहू म्हणतात. त्याविषयी वाचताना आपलीच वरमाला आणि आपलंच हस्तबंधन आठवतं. पण या लोकांवर वाईट दिवस आले होते. 1893 मध्ये त्यांचं राज्य उलथवलं गेलं, 1896 च्या कायद्याने शाळांतून त्यांची भाषा गेली, आणि त्यांच्या गाण्यानृत्यातलं बरंच काही पर्यटकांपुढचा देखावा होऊन बसलं. 1970 नंतरच्या काळात तिथल्या लोकांनी म्हाताऱ्यांजवळ बसून भाषा, पठण, नृत्य पुन्हा शिकून घेतलं. 1978 मध्ये हवाईयन ही तिथली राजभाषा झाली. आज जगभरातून जोडपी तिथल्या किनाऱ्यावर लग्न लावायला जातात आणि माळ घालून फोटो काढून परततात. तिथल्या घरांना मात्र त्या माळेची वेल कुठल्या रानात मिळते, ती तोडताना काय म्हणायचं, हे माहीत असणं महत्त्वाचं वाटतं. आपल्यावर अशी कुणी सक्ती केलेली नाही. तरी आपण आपल्या हाताने सोडत चाललो आहोत, याचं मला फार वाईट वाटतं.

आता करायचं काय ते सांगतो.

पहिली गोष्ट, घरातल्या सगळ्यांत वयस्क बाईजवळ एक वही घेऊन बसा. मांडव घालण्यापासून सूनमुख बघण्यापर्यंत कोणता विधी कशानंतर, कोणतं सामान, कुणाचा मान, हे लिहून काढा. गाणी मोबाईलवर रेकॉर्ड करा. पोवारी असो, मराठी असो, जी बोली तिच्या तोंडी आहे तीच राहू द्या. आपल्या मुलांची शाळा हिंदीत झाली, पुष्कळांना ही गाणी उमगत नाहीत, म्हणून त्यांना अर्थ समजावून सांगा.

दुसरी, लग्नाची वेळ पाळा. वरातीची वेळ ठरवा आणि मुहूर्ताच्या तासभर आधी डीजे बंद, हे दोन्ही व्याह्यांनी बोलणीतच पक्कं करा. अंतरपाट धरल्यापासून सप्तपदी होईपर्यंत फोटोवाल्याने बाजूला उभं राहायचं, कुणाला थांबवायचं नाही, हे त्याला आगाऊ देतानाच सांगा. भटजींना किंवा विधी करणाऱ्याला विनवा की प्रत्येक पावलाचा अर्थ मराठीत सांगत चला.

तिसरी, जे चुकीचं आहे ते रूढीच्या नावाखाली चालवू नका. विधवा आईला हळदीपासून, ओटीपासून दूर ठेवणं हा अन्याय आहे. ज्या माउलीने एकटीने लेकराला वाढवलं, पहिली हळद तिच्याच हातून लागू द्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि महाराष्ट्र शासनाने तो इतर ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला. आपल्या ग्रामसभांनाही हे करता येईल. लग्नाची रीत बदलणं नवंही नाही. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने 25 डिसेंबर 1873 ला पुरोहिताशिवाय पहिलं लग्न लावलं. त्या पद्धतीत वधूवर स्वतःच एकमेकांना वचनं देतात. ज्यांना असं लग्न हवं त्यांनी बिनदिक्कत करावं, तेही आपल्याच परंपरेतलं आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीही आयुष्यभर साध्या लग्नाचाच आग्रह धरला.

चौथी, कापड आपल्या गावचं घ्या. वारासिवनीच्या हातमागाच्या साड्या आणि कापडाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणि आपणच बस्ता बांधायला नागपूरला जातो, सुरतेच्या यंत्रमागाची साडी घेऊन येतो. शालू बाहेरून आणायचाच असेल तर आणा, पण हळदीची साडी, अंतरपाट आणि आहेराचं कापड तरी इथल्या विणकराकडून घ्या. हातमागाला वेळ लागतो. ताणा लावायचा, रंग ठरवायचा, काठ बसवायचा, म्हणून लग्न ठरलं की लगेच सांगून ठेवा, ऐनवेळी जाऊ नका. अंतरपाट तर जपून ठेवा, धाकट्यांच्या लग्नात तोच धरा.

पाचवी, जेवण साधं पण आपलं ठेवा. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा वास आला की माणूस पंगतीत बसतोच. पळसाच्या पत्रावळीवर चिन्नोरचा भात, वरण, दोन भाज्या आणि एक गोड पदार्थ वाढला तर कुणी नाव ठेवणार नाही. वाया जातं ते पंधरा प्रकारच्या स्टॉलवर. दोन एकर धानाची कमाई एका रात्रीच्या स्टॉलमध्ये घालवून पुढच्या हंगामात बियाण्यासाठी सावकाराचं दार ठोठावू नका. सामूहिक विवाहात लग्न लावायलाही लाजू नका. समाजाचे मेळावे आहेत, 2006 पासून मध्य प्रदेश शासनाची मुख्यमंत्री कन्या विवाह योजनाही आहे. तिथे लागलेलं लग्न काडीइतकंही कमी नसतं.

सहावी, हुंडा. 1961 च्या कायद्याने देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे. गाडी, फ्रिज, रोख हे ‘आंदण’ म्हणून मागितलं तरी तो हुंडाच. मागणी झाली तर बोलणी तिथेच थांबवा. ज्या घराने मुलीची किंमत पैशात केली, तिथे ती सुखात राहील ही आशा धरू नका. स्वखुशीने मिळणाऱ्या भेटवस्तूंचीही यादी करायची असते, हे फार थोड्यांना माहीत आहे. 1985 च्या नियमांप्रमाणे वस्तू कोणती, अंदाजे किंमत किती, दिली कुणी आणि त्याचं नातं काय, हे लिहून वधूवरांनी सह्या करायच्या. ही यादी दोन्ही घरांत जपून ठेवा.

सातवी, वय आणि नोंदणी. मुलगी 18 ची आणि मुलगा 21 चा पूर्ण झाल्याशिवाय मांडव घालू नका, अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त कितीही चांगला असो. कुठे बालविवाह होताना दिसला तर 1098 वर कळवा. लग्न लागलं की पहिल्या काही दिवसांतच नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंदणी करून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्येच सगळ्या लग्नांची नोंदणी सक्तीची करायला सांगितलं होतं. लग्न गोंदिया-भंडाऱ्यात लागलं तर तिकडे महाराष्ट्राच्या 1998 च्या कायद्याप्रमाणे नोंद होते. दोन राज्यांच्या कागदपत्रांत पुढे मुलीची ओढाताण होते, म्हणून पत्रिका, फोटो, वयाचे दाखले, साक्षीदारांची ओळखपत्रं एका फाईलमध्ये आधीच ठेवा. दोघांचे धर्म वेगळे असतील तर 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न लावता येतं, त्यासाठी 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते.

मुलामुलींनो, तुमच्यासाठी एवढंच सांगतो. लग्न तुमचं आहे, म्हणून आईवडिलांजवळ बसून स्वतः बोला. मला कर्जाचं लग्न नको, हे मुलाने आपल्या बापाला सांगितलं तर निम्मी गाडी रुळावर येते. विधींचे अर्थ विचारा, जो पटत नाही तो का पटत नाही ते सांगा, जो पटतो तो मनापासून करा. सात पावलं चालताना काय कबूल करतोय हे दोघांनाही माहीत असू द्या. अन्न, बळ, धन, सुख, संतती, ऋतू आणि सख्य, या सात गोष्टींसाठी ती सात पावलं आहेत. शेवटचं सख्याचं आहे. ते निभावलं तर बाकीची सहा मागून येतात.

यंदाच्या हंगामात वारासिवनी तालुक्यात जेवढे मांडव पडतील, त्यातल्या थोड्या तरी घरांनी हे करून बघावं. लोक काय म्हणतील याची भीती बाळगू नका. एका घराने वेळेवर, नीट, ऐपतीत लग्न लावलं की शेजारच्याला तसं करायचा धीर येतो, आणि हा धीर आज आपल्या गावाला हवा आहे. तुमच्या घरी बोलणी ठरली असेल तर आजच वही उघडा आणि दोन्ही व्याह्यांना एकत्र बसवा.