एक मॅच हरलो की घरी? यंदा साखळी खेळवा!

मंडळी, पोस्ट मोठी आहे, पण वाचा. भातं झोडून झाली, शेतात पिचं पडायला लागली. लवकरच दिवेआगरपासून म्हसळ्यापर्यंत चषकांचे बॅनर लागतील. एकदा ते छापले की कोणी ऐकणार नाही, म्हणून आत्ताच बोलतो.

२ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला. फायनलच्या रील्स सगळ्यांनी फिरवल्या. पण मला विचाराल तर खरी मजा फायनलच्या आधीच्या दोन आठवड्यांत होती.

आठवा जरा. ९ ऑक्टोबरला दक्षिण आफ्रिकेकडून हरलो. १२ तारखेला ३३० रन करूनही ऑस्ट्रेलियाने हरवलं. १९ ला इंदूरला इंग्लंडविरुद्ध हातात आलेली मॅच ४ रनांनी घालवली. ओळीने तीन पराभव! तेव्हा सोशल मीडियावर काय काय लिहिलं जात होतं, तेही आठवा. त्यानंतर प्रत्येक सामना म्हणजे परीक्षाच. कोणाचे किती पॉइंट, रनरेट किती, पाऊस पडला तर काय, नाक्यावर चहा पिता पिता हीच गणितं. २३ तारखेला सांगलीच्या स्मृतीने आणि प्रतिका रावलने न्यूझीलंडविरुद्ध शतकं ठोकली आणि आपण सेमीफायनलमध्ये गेलो. सात साखळी सामन्यांत तीनच विजय, आणि चौथा नंबर. म्हणजे शेवटच्या डब्याला लटकून गाडी पकडली म्हणा ना.

आणि समोर कोण? तोपर्यंत एकही मॅच न हरलेली ऑस्ट्रेलिया. ३३९ चं टार्गेट. जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७, कप्तान हरमनप्रीत ८९. याच जेमिमाला स्पर्धेत दोनदा शून्यावर आऊट झाल्यावर इंग्लंडच्या मॅचला बाहेर बसवलं होतं. त्या रात्री ती रडली, तेव्हा टीव्हीसमोर आपलेही डोळे भरले. का? नुसत्या १२७ रनांसाठी नाही. तिचे ते भोपळे आपण पाहिले होते म्हणून. ज्याने तीन पराभव सोसले त्यालाच तो चौकार गोड लागला.

फायनलमधली दुसरी टीम बघा. दक्षिण आफ्रिका पहिल्याच सामन्यात इंग्लंडसमोर ६९ रनांत गारद झाली होती. त्याच इंग्लंडला सेमीफायनलमध्ये हरवून ती फायनलला आली. तिकडे अमेरिकेत बेसबॉलवाले एका हंगामात प्रत्येकी १६२ सामने खेळतात. २०११ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्स हा संघ ऑगस्टअखेर संपल्यात जमा होता आणि ऑक्टोबरात तोच विजेता ठरला. खेळ कुठलाही असो, हंगामाच्या शेवटी असं उठून उभं राहायला आधी हंगाम लांब असावा लागतो.

आता आपल्या मुद्द्यावर येतो.

आपल्याकडच्या बहुतेक टेनिस बॉल स्पर्धा बाद पद्धतीच्या. चार ओव्हरची मॅच. सकाळी नऊला पोरं टेम्पोतून येतात, साडेनऊला हरतात, मग दिवसभर मंडपात बसून दुसऱ्यांचे सिक्स मोजतात. एका कॅचवरून त्या पोराला वर्षभर टोमणे, पुढच्या स्पर्धेत त्याच्या जागी बाहेरून आणलेला खेळाडू. आणि आयोजक? चषक केवढा उंच, पाहुणे कोण, डीजे कोणाचा, यातच दमलेले. इतकी वर्षं या स्पर्धांच्या बातम्या लिहितोय. विजेते, उपविजेते, मालिकावीर, संपलं. सोळा संघ आले तर पहिल्या फेरीत आठ घरी जातात. त्यांचं पुढे काय झालं हे कोणी विचारत नाही, कारण त्यांना पुढे काही नसतंच.

आपल्या नियमाने वर्ल्ड कप खेळवला असता तर भारताच्या मुली ९ ऑक्टोबरलाच घरी गेल्या असत्या. जेमिमाचे १२७ कोणी पाहिलेच नसते.

आयोजक म्हणतील, साखळीला वेळ कुठे आहे? अडचण खरी आहे. शनिवार-रविवार आपल्याकडे पर्यटकांचा. घराघरात खोल्या भरलेल्या, पोरं जेवणं वाढण्यात गुंतलेली. मुंबईवाले चाकरमानीही तेव्हाच येतात. मग बाद स्पर्धा राहू दे सुट्टीत, ती जत्राही हवीच. पण साखळी सोमवार ते गुरुवार संध्याकाळी खेळवा. सहा संघ घेतले तर पंधरा सामने होतात. रोज दोन मॅच धरल्या तर आठ संध्याकाळी, म्हणजे दोन आठवड्यांत साखळी पूर्ण. प्रत्येक संघाला पाच सामने. चषक दोन फूट कमी उंचीचा घ्या, त्या पैशात बॉल आणि अंपायरचं मानधन सुटेल. पॉइंटचा तक्ता ग्रुपवर रोज टाकायचं काम माझ्याकडे.

आणि हो, एक गट मुलींचा ठेवा. दोन संघ जमले तरी चालतील, तीन-चार मॅचची मालिका खेळवा. सुरुवातीला दहा वाइड पडतील, लोक हसतील. हसू दे. चौथ्या मॅचपर्यंत वाइड कमी झालेले दिसतील आणि हसणारेच टाळ्या वाजवतील.

या वर्ल्ड कपचे कोच अमोल मुझुमदार. १९८८ मध्ये शाळेच्या मॅचमध्ये सचिन-कांबळीची ६६४ रनांची भागीदारी चालली होती, तेव्हा पुढचा बॅट्समन म्हणून पॅड बांधून ते बसून राहिले. पुढे रणजीत धावांचे ढीग लावले, पण भारताची कॅप मिळाली नाही. तीन पराभवांनंतर ड्रेसिंग रूममध्ये असा माणूस होता, हे मला तरी फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याही गावांत असे पॅड बांधून बसलेले पुष्कळ आहेत. त्यांना दुसरी मॅच तरी द्या.

ज्या मंडळाला हे पटतंय त्यांनी पुढे या. सहा संघ झाले की तारखा ठरवू.