ब्लॉक : सांधावा की टाकावा?

दुरुस्ती हा आपल्याकडे सद्गुण मानला जातो. फाटलेले शिवावे, तुटलेले सांधावे ही शिकवण काटकसरीतून आली आणि पुढे तिला नीतीचे रूप मिळाले. अलीकडे तिच्यावर ‘जुगाड’ या शब्दाचा मुलामाही चढला आहे. उलट टोकाला ‘खराब झाले, बदला’ हे विक्रेत्यांचे तत्त्वज्ञान आहे. आमच्या मते ही दोन्ही मते सारखीच आळशी आहेत. कारण समोरची वस्तू नीट पाहण्याची तसदी दोन्हींतही घेतलेली नसते. केवळ तत्त्वाच्या पातळीवर हा वाद घालण्यात हशील नाही, म्हणून एक रोकडे उदाहरण घेतो. वस्तू : वेगवान मोटारसायकलचा, जायबंदी झालेला अ‍ॅल्युमिनियमचा इंजिन-ब्लॉक. स्थळ : 1999 साली परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा, जिथे अशी गाडी बहुधा सोयाबीनच्या किंवा हळदीच्या पट्टीतून, आणि पुष्कळदा जुनीच, घेतली जाते.

मराठी मुलखाची यंत्राशी ओळख झाली ती बिडातून. 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. नांगर, चरक, पंप आणि पुढे तेलावरची इंजिने यांच्यामार्गे बीड शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचले. बिडाच्या इंजिनाला दुरुस्तीचे एक सोपे व्याकरण होते. सिलिंडर झिजला की तो पाव मिलिमीटरने मोठा करायचा आणि त्या मापाचा पिस्टन घालायचा. पुन्हा झिजला की आणखी पाव. मापे संपली की नवा लायनर बसवायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. तालुक्याच्या गावी एक लेथ आणि एक जाणता हात असला की निभत असे. यंत्र कारखान्यात जन्मले तरी त्याचे पुढचे आयुष्य गावाच्या हाती होते. मिस्त्रीला समाजात जो मान होता तो या अधिकारातून आलेला होता.

2008 साली यामाहाची आर-15 भारतात आली तेव्हा हे व्याकरण बदलले. दीडशे सीसीचे, पाण्याने थंड होणारे, मिनिटाला साडेआठ हजार फेऱ्यांवर कमाल ताकद देणारे तिचे इंजिन. त्याच्या सिलिंडरात बिडाचा लायनर नाहीच. सुमारे 20 टक्के सिलिकॉन असलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे ते ओतकाम आहे; कंपनी त्याला ‘डायासिल’ म्हणते. भिंतीत विखुरलेले सिलिकॉनचे कठीण कण घर्षण सोसतात आणि मऊ अ‍ॅल्युमिनियम त्यांना धरून ठेवते. के.टी.एम.च्या 390 ड्यूकसारख्या गाड्यांत वेगळी युक्ती आहे : अ‍ॅल्युमिनियमच्या भिंतीवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा पातळ थर. दोन्हींचा हेतू एकच. अ‍ॅल्युमिनियमची घनता बिडाच्या जेमतेम दोन-पंचमांश. शिवाय ते उष्णता झटकन बाहेर सोडते. वजन घटते, वेग वाढतो.

आता समजा, पाणी गळून गेले किंवा ऑइल संपले आणि इंजिन जाम झाले. ब्लॉक उघडल्यावर भिंतीवर उभे ओरखडे दिसतात. येथे पहिला प्रश्न ‘किती खर्च येईल’ हा नव्हे; ‘जखम कुणाची’ हा आहे. पुष्कळदा भिंतीवर दिसते ते पिस्टनचे वितळून चिकटलेले अ‍ॅल्युमिनियम असते आणि खालची भिंत शाबूत असते. निकेलचा थर अखंड असेल तर जाणकार कारागीर ते चिकटलेले धातू रसायनाने उतरवतो. तोच उपाय डायासिलवर केला तर रसायन चिकटलेल्या धातूबरोबर भिंतही खाऊन टाकील. कारण दोन्ही अ‍ॅल्युमिनियमच. एकाला औषध ते दुसऱ्याला विष. दुरुस्तीचा सरसकट पुरस्कार करणाऱ्यांनी एवढे एक उदाहरण ध्यानात ठेवावे.

भिंतच खरवडली गेली असेल तर बिडाच्या सवयीने बोअर करून भागत नाही. साध्या हत्याराने सिलिकॉनचे कण फुटतात, त्यांवर मऊ धातूचा लेप बसतो, आणि नवी रिंग थोड्याच दिवसांत तीच भिंत पुन्हा ओरबाडते. उरतो मार्ग बिडाची स्लीव्ह बसवण्याचा. हा मार्ग प्रतिष्ठित आहे. अमेरिकेत 1970 च्या दशकात शेव्हरोले व्हेगा या मोटारीचे लायनरविरहित अ‍ॅल्युमिनियमचे ब्लॉक तापून खराब झाले, तेव्हा अनेक ब्लॉक स्लीव्ह घालूनच वाचवले गेले. पण तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. स्लीव्ह किती घट्ट ठोकावी याचे माप चुकले तर ऐन तापलेल्या वेळी ती सैल होते. पिस्टनही त्या भिंतीला साजेसा हवा आणि त्याची फट नव्याने ठरवावी लागते. हे जाणणारा कारागीर असेल तर स्लीव्ह जरूर घालावी; नसेल तर नवा ब्लॉकच घ्यावा.

ब्लॉकला तडा गेला असेल तर प्रश्न आणखी अवघड होतो. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळते, पण त्याच्यावरची ऑक्साइडची साय दोन हजार अंशांच्या वर. आर्गॉन वेल्डिंगने सांधा जमतो. मात्र उष्णोपचाराने धातूला दिलेली ताकद सांध्याभोवती नाहीशी होते. पाण्याच्या वाटेच्या बाहेरील भिंतीला तडा असेल तर आम्ही सांधण्याच्या बाजूचे आहोत. जिथे क्रँकचा भार पेलला जातो तिथे तडा असेल तर नाही.

एवढे काटेकोर का व्हावे? साडेआठ हजार फेऱ्या म्हणजे सेकंदाला सुमारे 140 वेळा पिस्टनचे वर-खाली होणे. विहिरीवरचे इंजिन बंद पडले तर पाणी थांबते. वेगात असलेल्या मोटारसायकलचे इंजिन जाम झाले तर मागचे चाक जागीच अडकू शकते, आणि हिंगोली-नांदेड रस्त्यावर मागून ट्रक येत असतो. ‘चालवून घेऊ’ हा शब्दप्रयोग विहिरीवर शोभतो. इथे तो दुसऱ्याच्या मुलाच्या जिवावर केलेला जुगार ठरतो. ‘हे माझ्याकडे होणार नाही’ असे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणारा मिस्त्री आम्हांला म्हणूनच अधिक निष्णात वाटतो.

साहित्याच्या वाचकांना हा विवेक परका नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1966 साली पुरी झाली. तिच्या संपादकांनी जिथे पाठ निश्चित नव्हता तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ दिली. दुरुस्ती केली, पण ती लपवली नाही. औंढा नागनाथाच्या देवळातही खालचे कोरीव दगडकाम आणि वरचे नंतरचे बांधकाम यांतील फरक कुणाच्याही नजरेस पडतो. त्याने देवळाला उणेपणा आलेला नाही. स्लीव्ह घातलेला ब्लॉक विकताना तसे सांगणे ही त्या नागमोडी रेघेचीच जात. जुन्या गाड्यांच्या बाजारात ती रेघ सहसा खोडलेली असते, आणि तिचा दंड पुढचा खरेदीदार भरतो.

मात्र सगळा भार मिस्त्रीच्या विवेकावर टाकणे अन्यायाचे होईल. नव्या धातूची मापे, फटी, उपचार हे ज्ञान कारखान्याबाहेर फारसे पडत नाही. 2014 साली स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात न दिल्याबद्दल 14 मोटार कंपन्यांना दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलांत गेले. 2022 साली केंद्र सरकारने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि वर्षअखेरीस संकेतस्थळही उघडले, वाहने आणि शेतीची अवजारे त्यात गणली आहेत. हे स्वागतार्ह आहे. पण नुसता हक्क पुरणार नाही. डायासिल म्हणजे काय हे जिल्ह्याच्या आय.टी.आय.त मराठीतून शिकवले गेले नाही, तर तो हक्क महानगरांतल्या कार्यशाळांपुरताच राहील.

तेव्हा आमचे मत असे : जखम झिजेची असेल, जाणता हात असेल आणि केलेले काम सांगण्याची तयारी असेल, तर ब्लॉक सांधावा. जखम भार पेलणाऱ्या जागी असेल तर तो निःसंकोच भंगारात द्यावा. भंगारातले अ‍ॅल्युमिनियम पुन्हा वितळते आणि पुन्हा कामी येते. आणि दोन्ही वेळा इंजिन जाम का झाले हे आधी शोधावे. गळका पाइप तसाच ठेवून बसवलेला नवा ब्लॉक हाही पैशाचा अपव्ययच होय.